काकांनी काहीच पाहिलं नव्हतं

माझ्या मावशीच्या नवऱ्याइतका घाबरट माणूस उल्हास नदीच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त काकांना त्या कोर्टात बोलावू नका. बोलावणं आलं एवढं ऐकूनच त्यांना ताप भरेल. काका लिफ्टला घाबरतात, म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढतात, आणि जिन्यात कुत्रं बसलेलं असेल म्हणून आधी खालून टाळ्या वाजवतात. रात्री झोपण्यापूर्वी गॅसचं बटण मावशी बंद करते, मग काका बंद आहे का ते बघतात, मग आपल्या हातून बघता बघता चालू तर झालं नाही ना म्हणून मावशीला पुन्हा उठवतात. अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचलत नाहीत, आणि न उचलल्याबद्दल कोणी रागावलं असेल या भीतीनं दिवसभर फोनकडे पाहत बसतात. एकदा बँकेतून मुलीचा गोड आवाज आला, "सर, आपल्याला कार्ड मंजूर झालं आहे." काका म्हणाले, "मॅडम, मी नाही केलं."

अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी स्टोअरमध्ये सबंध नोकरी काढली. सुटी झाली की गेटवर रखवालदार कामगारांच्या पिशव्या तपासायचा. काकांना तो कधीच थांबवायचा नाही. उलट, "जा हो काका," म्हणून हात हलवायचा. तरी काका थांबायचे, डबा काढायचे, एकेक कप्पा उघडून त्याच्या नाकासमोर धरायचे आणि तो "बरं, बरं" म्हणाल्याशिवाय पुढे हलायचे नाहीत. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार, हातात नारळ, आणि काका गेटवर नारळ हलवून दाखवतायत की आत पाणीच आहे.

मी स्वतः उल्हासनगरला पडद्यांच्या कापडाच्या दुकानात हिशेब बघते आणि अंबरनाथला राहते. एका दिवाळीला काकांना पँट घ्यायला मी आमच्या शेजारच्या दुकानात घेऊन गेले होते. ते ट्रायल रूममध्ये गेले आणि बाहेरच येईनात. दुकानदार सिंधी माणूस, मला म्हणाला, "दीदी, तुमचे अंकल आत झोपले काय?" दार ओढून पाहिलं तर कडी अडकली होती. काका आत नव्या पँटमध्ये घामाघूम उभे. मी म्हटलं, "अहो, हाक का नाही मारली?" तर म्हणतात, "त्यांची पँट माझ्या अंगावर होती ना. ओरडलो असतो तर लोक जमले असते. पहिलं काय वाटलं असतं लोकांना?"

लोकांना काय वाटेल, आणि त्यातही आपण काही चोरलंय असं वाटेल, या भीतीचं टोक म्हणजे पोलीस. समोरून हवालदार येताना दिसला की काका रस्ता ओलांडायचे. पलीकडेही हवालदार असला की दुकानात शिरायचे, मग ते बांगड्यांचं का असेना. एकदा गणपतीच्या बंदोबस्तावरच्या एका पोरसवदा शिपायानं त्यांना सहज विचारलं, "काका, किती वाजले?" काकांनी त्याला वेळ सांगितली, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि खिशातून आधार कार्ड काढून दिलं. आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगून हसायचो. मावशी हसायची नाही. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुम्ही हसता गं. यांच्या लहानपणी गावात कुणाची तरी पितळी घागर हरवली. चौकीवर कुणाला नेलं? यांच्या वडिलांना. का, तर आपली वस्ती गावाबाहेर. घागर नंतर विहिरीत सापडली. पण म्हातारा त्यानंतर ताठ उभा राहिला नाही कधी. हे दाराआडून बघत होते." मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघून म्हणाली, "शिकले, नोकरी केली, घर घेतलं. ते एक काही गेलं नाही पोटातलं."

अशा माणसाच्या ताब्यात कोणी आपलं मूल देईल का? पण काकांच्या बदलापूरच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यानं दिलं, आणि माझ्या मते डोकं चालवून दिलं. दोघंही मुंबईला नोकरीला. त्यांची मुलगी, सगळे तिला चिऊ म्हणतात, दुसरीत. शाळेतून आणायचं काम काकांचं, आणि आईबाप येईपर्यंत ती काका-मावशीकडे. काका शाळा सुटण्याच्या अर्धा तास आधी गेटवर हजर. परतताना रस्त्याच्या कडेच्या बाजूला चिऊ, गाड्यांच्या बाजूला काका, आणि तिची बाटली, दप्तर, छत्री सगळं यांच्या गळ्यात. वाटेत शिकवणी चालायची. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही. पत्ता तर नाहीच नाही. गळ्यातलं शाळेचं कार्ड दप्तरात ठेवायचं, उगाच कोणी नाव वाचेल. हरवलीस तर एका जागी उभं राहायचं नाही, पोरंबाळं बरोबर असलेल्या बायकांच्या मागून चालायचं. आणि पोलीसमामा? चिऊ विचारायची. काका इकडे तिकडे बघून हळूच म्हणायचे, "लांबून नमस्कार." चिऊला हे सगळं पाठ. ती मान डोलावून ऐकायची आणि वर त्यांनाच दटावायची, "आजोबा, तुम्ही बोलताना समोर बघतच नाही."

त्या शनिवारी शाळेत शिक्षकांची कसली तरी बैठक ठरली आणि मुलांना बऱ्याच आधी सोडलं. पालकांच्या ग्रुपवर तसा मेसेज आला होता, पण चिऊची आई ऑफिसात कामात होती, तिनं तो पाहिलाच नाही. काका नेहमीप्रमाणे लवकर गेले. गेट बंद. मैदानावर एक झाडूवाली बाई. "मुलं कधीच गेली की," ती म्हणाली. काका तिथून घरापर्यंत धावत आले. धावताना मी त्यांना जन्मात पाहिलेलं नाही. शेजारी सांगतात, की ते रस्त्याच्या मधून धावत होते आणि गाड्या त्यांना चुकवत होत्या. चिऊ घरी नव्हती. गच्चीवर नव्हती, मैत्रिणीकडे नव्हती, कोपऱ्यावरच्या बागेत नव्हती.

मावशीनं आधी चिऊच्या आईबापांना बोलावून घेतलं. मला तिचा फोन आला तेव्हा बराच वेळ गेला होता, मी दुकानात होते. तिला धड बोलता येत नव्हतं. मी शेठना सांगून तशीच निघाले. बदलापूरला पोचेपर्यंत चिऊचे आईबाप आले होते, पोलीस ठाण्यात जाऊन परतही आले होते. तिथल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, "येईल हो. मैत्रिणीकडे गेली असेल. संध्याकाळपर्यंत वाट बघा." तिची आई पायरीवर बसून तो न पाहिलेला मेसेज पुन्हा पुन्हा उघडत होती. अलीकडे मुलींच्या बाबतीत काय काय कानावर येतं, ते आमच्यापैकी कोणी उच्चारत नव्हतं, पण बिल्डिंगमधल्या प्रत्येकीनं आपापली मुलगी आत घेऊन दार लावलं होतं. काका जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेले तर ऐकू आलं, "मी अजून लवकर जायला पाहिजे होतं, अजून लवकर."

चिऊच्या वडिलांच्या साहेबांची कुणा मोठ्या माणसाशी ओळख होती. तो फोन झाला, आणि जे पोलीस संध्याकाळपर्यंत थांबा म्हणत होते तेच दुपार कलायच्या आत जीप घेऊन दारात आले. फोटो वाटणं, रस्ते धुंडाळणं यापेक्षा त्यांना माणूस हवा होता. तो त्यांना जिन्याखालीच सापडला. काकांच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक इस्त्रीवाला टेबल लावायचा. उत्तर प्रदेशातला, पस्तिशीचा, एकटा राहणारा, फार बोलायचा नाही. चिऊ शाळेतून आली की तो तिला लिमलेटची गोळी द्यायचा. शेजारच्या एका बाईनं जीपमधून आलेल्या पोलीस साहेबांना ते सांगितलं. बस्स. इस्त्री टेबलावरच राहिली, त्याला कॉलरला धरून जीपमध्ये घातलं. "साहब, हमने क्या किया?" एवढंच तो म्हणत होता. गरम इस्त्रीखाली कुणाचा तरी शर्ट जळत राहिला आणि तो वास जिन्यातून वर चढत गेला.

मग साहेबांनी विचारलं, "पोरीला आणायला कोण जातं?"

सगळे काकांकडे बघायला लागले. काका पुढे आले. हात जोडलेले, कपाळावरून घाम निथळतोय.

"तू आणतोस?"

"हो साहेब. आज गेलो तेव्हा नव्हती साहेब."

"मग घाबरतोस कशाला एवढा?"

या प्रश्नाला काका काय उत्तर देणार? जन्मभर ज्याचं उत्तर त्यांना सापडलं नाही, ते त्या जिन्यात कुठून सापडणार? त्यांनी जोडलेले हात आणखी वर, कपाळापर्यंत नेले. साहेब आपल्या माणसाकडे बघून हसले आणि म्हणाले, "घे याला पण." मावशी मध्ये पडली, मी मध्ये पडले, चिऊच्या आईकडे पाहिलं. ती काकांकडे टक लावून बघत होती. "काका," ती म्हणाली, "माझी मुलगी कुठंय?" त्या प्रश्नाची मला जशी भीती वाटली तशी जीपचीही वाटली नव्हती. आणि जीप गेल्यावर पाठीमागे कुणी तरी कुजबुजलं, की इतका घाबरतो म्हणजे काहीतरी असेल बाई. ज्या घाबरटपणावर आम्ही वर्षानुवर्षं हसत आलो, तो एका क्षणात त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला होता.

जीपच्या मागोमाग मी आणि मावशी रिक्षानं गेलो. पोलीस ठाण्यात आम्हाला एका बाकावर बसवलं. समोर एक बंद दार. दाराआडून आधी नुसतेच आवाज येत होते, खुर्ची सरकल्याचा, कुणाच्या तरी हसण्याचा. मग इस्त्रीवाल्याचा आवाज आला. तो आवाज मी इथे लिहिणार नाही. मावशीनं पदर तोंडात धरला. मी विचारलं, "आमच्या काकांना कशासाठी आणलंय? काही लिहून घेतलंय का?" टेबलामागचा हवालदार मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "चौकशी चालू आहे, मॅडम. अटक थोडीच केली? अटक केली नाही तर लिहायचं काय?" मी म्हटलं, मग त्यांना घरी जाऊ द्या. तो म्हणाला, "चौकशी झाली की." मी दोनदा, तीनदा विचारलं. शेवटी त्यानं मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही कुठं राहता? अंबरनाथ ना? एकट्याच?" मी बाकावर परत येऊन बसले. माझ्या पोटात गार पाणी ओतल्यासारखं झालं, आणि काकांच्या पोटात हे पाणी लहानपणापासून आहे हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. तरुण होते, बोलणं मऊ. मावशीसमोर चक्क खुर्ची ओढून बसले. "आई, तुमचे मिस्टर चांगले गृहस्थ आहेत. आम्हाला कळतं ते. त्यांनी फक्त एवढंच सांगायचं, की त्या इस्त्रीवाल्याला मुलीचा हात धरून जाताना बघितलं. जबाबावर सही करायची आणि तुमच्यासोबत घरी जायचं. जरा समजवा त्यांना."

आम्हाला आत नेलं. काका जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. चष्मा नव्हता. डावा गाल सुजला होता आणि त्या बाजूचा कान लाल. पँट ओली होती, ती लपवायला त्यांनी गुडघे पोटाशी घेतले होते. मला बघून त्यांनी मान फिरवली. मावशी त्यांच्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "अहो, करा ना सही. चला घरी."

"कशावर?"

"ते म्हणतायत त्यावर. इस्त्रीवाल्याला बघितलं म्हणून."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "तू बघितलंस त्याला?"

"मी कशाला बघेन? मी स्वयंपाक करत होते."

"मग मी पण नाही बघितलं."

"अहो, पण तुम्हाला मारतायत हो."

"हो," काका म्हणाले. "फार लागतं." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. साहेब दारात उभे होते. काकांनी रडता रडताच त्यांना हात जोडले. "साहेब, तुम्ही म्हणाल ते करतो. झाडू मारतो, पाया पडतो. पण मी नाही बघितलं, साहेब. मी गेलो तेव्हा गेटवर कोणीच नव्हतं." साहेबांचा मऊ आवाज गेला. त्यांनी आम्हाला बाहेर काढायला सांगितलं, आणि दार पुन्हा बंद झालं.

दिवे लागल्यावर आम्हाला घरी पाठवलं. रविवारी सकाळी डबा घेऊन गेलो तर तो ठेवून घेतला, भेटू दिलं नाही. मी ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मी येते, पण येईपर्यंत तिथून हलू नका. म्हणून बसून राहिलो. चिऊचे वडील समोरच्या टपरीपाशी उभे होते. आमच्याकडे बघत नव्हते. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती. त्यांनी रात्रभर बदलापूरच्या शिरगाव भागातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या, डोळे सुजले होते, पायात दोन वेगळ्या चपला होत्या. पोलिसांचं एक माणूस मात्र कुठे शोधायला गेलेलं मला दिसलं नाही. जाणार कशाला? त्यांना सापडायचं ते सापडलं होतं. माझ्या मनात एकच विचार घोळत होता. काकांना मारण्यात जो वेळ चाललाय तोच वेळ ती पोरगी कुठेतरी एकटी काढतेय, आणि संध्याकाळ झाली की आजचाही दिवस गेला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा चिऊच्या वडिलांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि तिथेच रस्त्यावर मटकन बसले. आम्हाला वाटलं, झालं. मावशीनं माझा दंड असा आवळला की नंतर तिथे निळा डाग पडला. मग ते ओरडले, "चामटोलीला आहे! बरी आहे! बरी आहे!"

झालं होतं ते असं. चिऊ शाळेतून बाहेर आली, आजोबा नव्हते. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे ती एका जागी उभी राहिली नाही. रस्त्यानं लेकुरवाळ्या बायकांचा एक घोळका चालला होता, त्यांच्या मागून चालत राहिली. त्या बायका शेताच्या कामाला निघालेल्या. त्या कुठल्याशा बांधावरून वळल्या आणि ही भाताच्या खाचरांमध्ये एकटीच उरली. बदलापूरबाहेरच्या चामटोली गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला ती गोठ्याशी रडताना दिसली. बाईनं घरी नेलं, भाकरी आणि दूध दिलं, नाव विचारलं. चिऊ नाव सांगेना. गाव सांगेना. दप्तर घट्ट धरून बसली, कोणाला हात लावू देईना. शाळेच्या कपड्यांवरून शाळा कळली, पण शाळा आता सोमवारी उघडणार. बाईचा पुतण्या म्हणाला, पोलिसात नेऊ. पोलीस म्हटल्याबरोबर चिऊनं असा आकांत केला की शेजारपाजार जमला. आणि म्हातारी स्वतःच म्हणाली, "नको रं बाबा. तिथं पोर घेऊन गेलो तर आपल्यालाच धरतील, पोर कुठनं उचललीस म्हणून. सोमवारी शाळंतच न्हेऊन सोडू." रविवारी दुपारी त्या पुतण्याच्या मोबाइलवर फिरत फिरत चिऊचा फोटो आला, खाली तिच्या वडिलांचा नंबर.

म्हणजे इकडे काका पोलिसांना घाबरत होते, तिकडे त्यांनी शिकवलेली पोर घाबरत होती, आणि तिला जीव लावणारी ती बाईही घाबरत होती. कायद्याचं रक्षण करणाऱ्यांपासून स्वतःला जपता जपता या तिघांनी दीड दिवस काढला.

काकांना बाहेर आणलं तेव्हा साहेबांचा आवाज परत मऊ झाला होता. कुणीतरी काकांना चष्मा दिला, त्याची एक काडी मोडली होती. "गैरसमज झाला, काका. मुलीचा मामला असतो, आम्हाला पण वरून प्रेशर असतं. चहा घेणार?" आणि आमच्या काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "नाही साहेब. तुमची काय चूक? थँक यू साहेब." मला तिथेच किंचाळावंसं वाटलं. इस्त्रीवाल्याला मागच्या दारानं सोडलं होतं. तो भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत चालला होता. काकांनी त्याला पाहिलं, थांबले, आणि आपला एक हात त्याच्या काखेत घातला. ठाण्यापासून रिक्षापर्यंत ते दोघं तसेच चालत गेले, कोण कोणाला धरतंय ते कळत नव्हतं.

चिऊ घरी येताच धावत वर आली. काकांचा चेहरा बघून दारातच थबकली. "आजोबा, तुम्हाला कोणी मारलं?"

"नाही गं. जिन्यात पडलो."

"लिफ्टनं जायचं ना मग," चिऊ म्हणाली आणि त्यांच्या मांडीवर बसली. काकांनी तिला घट्ट धरलं. मग म्हणाले, "यापुढे कोणी विचारलं तर नाव सांगायचं. मोठ्यानं सांगायचं. आजोबांचं चुकलं."

वकीलबाईंनी आणि मी तक्रार केली. काकांची सही मिळवायला मला आठवडा लागला. वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, की सदर नावाचा इसम त्या दिवशी ठाण्यात आणलाच गेला नव्हता, आणि कॅमेरे दुरुस्तीला गेले होते. वकीलबाई म्हणतात, लढू. आम्ही लढतोय, म्हणजे तारखांना जातोय. काकांच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही. चिऊचे आईबाप एके दिवशी वर आले, पाया पडले. मावशीनं त्यांना जेवायला वाढलं. इस्त्रीवाला काही दिवसांनी गावी निघाला. निघताना दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. वाकून त्यानं काकांच्या पायाला हात लावला, तेव्हा काका दचकून असे मागे सरकले की स्टूल पडलं. "काकाजी, आप डरते बहुत हैं," तो म्हणाला आणि हसताना त्याला रडू फुटलं.

मी एकदा काकांना विचारलंच, "तुम्ही सही का केली नाहीत?" वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळेल. काका म्हणाले, "भीती वाटली गं." "कसली? पोलिसांची?" "नाही. उद्या मी जिना उतरेन, आणि तो तिथं नसेल, त्याची."

एवढं झाल्यावर काकांची भीती गेली असेल असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. ती वाढली. दाराची बेल वाजली की ते आतल्या खोलीत जातात. पण गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा बेल वाजली आणि दारात त्यांच्या नाक्यावर भाजी विकणारी बाई उभी. तिच्या मुलाला कसल्याशा मोबाइल चोरीसाठी सकाळी उचलून नेलं होतं. ती काकांनाच भेटायला आली होती. "तुम्हाला माहीत हाय ना तिथलं," ती म्हणाली. "माझ्यासंगं येता का, काका? मी एकटी कशी जाऊ?" मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मी वकीलबाईंना फोन लावायला घेतला. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. मग काका बाहेर आले. स्वच्छ सदरा घातला होता, बटणं चुकीची लावली होती. चप्पल पायात जाईना. मावशीनं खाली बसून ती घातली.

"काका, तुम्ही राहू द्या, मी जाते," मी म्हटलं.

"तू पण चल," ते म्हणाले.

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते की." ते आपला ऐकू येणारा कान माझ्याकडे करून उभे होते. "पण तिथं एकट्या माणसाला फार वाटते गं."

रस्त्यावर उन्हं कलली होती. पुढे ती बाई पदर खोचून भराभर चालली होती, मागे काका, तिच्याबरोबर राहता यावं म्हणून अधूनमधून दोन पावलं धावत. ठाण्याच्या पायरीशी ते थांबले. मला वाटलं, आता मागे फिरतील. त्यांनी फक्त रुमालानं तोंड पुसलं, त्या बाईला आधी चढू दिलं, आणि तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.